मेडिकल की फार्मसी? नीटच्या निकालाआधी ठरवायचं असेल तर

मे-जून आला की काउंटरवर औषधांच्या चिठ्ठीबरोबर हा प्रश्नही येतो. "ताई, नीटला मार्क कमी पडलेत. आता हिला फार्मसीला टाकू का?" मुलगी शेजारी मान खाली घालून उभी असते. विट्यात माझं औषधांचं दुकान आहे, २१ वर्षं झाली. धाकटा भाऊ एमडी मेडिसिन आहे, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच घरात बघितल्यात. म्हणून कळकळीने सांगते, हा प्रश्न निकालानंतर विचारायचा नसतो. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत विचारा. तेव्हा मुलगी मान वर करून उत्तर देते.

त्या सुट्टीत एक काम करा. चार दिवस ओळखीच्या औषधांच्या दुकानात जाऊन बसा आणि चार दिवस एखाद्या दवाखान्यात, डॉक्टरांची परवानगी काढून. फोन खिशात ठेवा आणि नुसतं बघा. काय बघायचं ते माझ्याच काउंटरवरच्या एका दुपारीवरून सांगते.

साठीच्या एक आजी आल्या. "तोंड आलंय गं, जेल दे एखादं." जेल काढायला हात गेला, पण त्यांना बोलताही येत नव्हतं नीट. ओठांच्या आतून सगळं सोललेलं. "आजी, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी पिशवीतून दोन पाकिटं काढली. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि लहान. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आजींची अदलाबदल झाली होती, सहा दिवस रोज सकाळी तीच चालली होती. मी त्यांना बाकावर बसवलं, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि रिक्षात बसवून दिलं. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. दाखल करून घेतलं, गोळी बंद केली, उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली. आजी बऱ्या झाल्या. अजून येतात, आणि मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मी लाल पेनाने "फक्त सोमवार" लिहिते.

आता भावाची रात्र. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाच्या बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, तो ग्रामीण रुग्णालयात होता. पहाटे एका पोराला आणलं, पोटात दुखतंय म्हणून. रात्री जमिनीवर झोपलेला. अंगावर दंशाची खूण नाही. भावाने पापण्या पाहिल्या, त्या खाली येत होत्या. मण्यार चावली की असंच होतं, खूण दिसत नाही आणि पोट दुखतं. तपासणीच्या रिपोर्टची वाट बघायला वेळ नव्हता. सर्पविषावरच्या लसीच्या दहा बाटल्या लावायच्या की नाही, हे एकट्याने ठरवायचं होतं, तेही चोविसाव्या वर्षी. त्याने लावल्या. पोरगं वाचलं, पण फोनवर सांगताना भावाचा आवाज थरथरत होता.

या दोन गोष्टी वाचताना तुमचा जीव कुठे अडकला ते बघा. ती पाकिटं उलटीसुलटी करून चूक हाती लागते, तिथे? की रिक्षा निघून गेल्यावर पुढे आजींचं काय केलं, तिथे? फार्मसीवाल्याचं काम तपासण्याचं, विचारण्याचं, अडवण्याचं असतं. निदान करून औषध ठरवणं आपल्या कायद्यात त्याच्या हाती नाही. "पुढचं मीच करायला हवं होतं" असं वाटून तुम्हाला झोप लागत नसेल तर तुम्ही मेडिकलच्या वाटेचे. मला झोप लागली. एक वर्ष रिपीट करून, रडत कराडच्या शासकीय फार्मसी कॉलेजात गेलेली मी, पण खरं तर मला रसायनं आवडायची. हे मला कुणी आधी विचारलंच नव्हतं.

मग वर्षांचा हिशेब घरच्यांसमोर मांडा. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज असेल तर बाँडचं वर्ष. पुढे नीट-पीजीचा अभ्यास आणि एमडीची तीन वर्षं. म्हणजे तिशी जवळ येते. बी.फार्म चार वर्षांत होतं आणि बाविसाव्या वर्षी राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होऊ शकते. घरात कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकायची असतील तर हा फरक मोठा आहे, आणि तो मोठ्याने बोलायला लाजू नका. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. एजंटाच्या तोंडचा आकडा धरू नका.

फॉर्म दोन्ही भरा, नीटचा आणि फार्मसीच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटीचा. सीईटीच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाच्या फॉर्मची मुदत नीटचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी संपते. दरवर्षी कुणीतरी माझ्यासमोर त्यामुळे रडतं. अभ्यास बराचसा तोच, पण पेपरची चाल वेगळी. नीटला चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, सीईटीत जात नाही, तेव्हा तिथे एकही प्रश्न सोडायचा नाही. सीईटीत अकरावीवर साधारण वीस टक्के प्रश्न असतात, तेवढी जुनी वही फेकू नका.

रिपीटचं मात्र निकालाआधी कागदावर लिहून ठेवा. आपल्या प्रवर्गाची गेल्या वर्षीची शेवटच्या फेरीची यादी काढा, ७२० पैकी किती कमी पडले तर पुन्हा बसायचं ते ठरवा आणि एकदाच बसा. निकालाच्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

फार्मसी ठरली तर कोणती, तेही बघा. नुसतं दुकान टाकायचं असेल तर दोन वर्षांचं डी.फार्म, ५०० तासांचं प्रशिक्षण आणि नोंदणीआधीची एक्झिट परीक्षा पुरते. कारखान्यातलं क्वालिटी कंट्रोल, पुण्या-मुंबईतलं फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं काम), एमपीएससीतून औषध निरीक्षक, यासाठी बी.फार्म. रुग्णालयात वॉर्डात फिरून औषधं तपासायची असतील तर सहा वर्षांचं फार्म.डी., पण "डॉक्टर होण्याचा आडमार्ग" म्हणून ते कुणी विकत असेल तर उठून या.

आणि एक. नोंदणी झाल्यावर लगेच एक माणूस मला भेटला होता. "सर्टिफिकेट आमच्या भिंतीवर लावा, तुम्ही यायची गरज नाही, महिन्याचे पैसे घरपोच." असं विचारणारे तुम्हालाही भेटतील. नाही म्हणा. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं, आणि त्या भिंतीवरच्या कागदाने आजींचं तोंड बघितलं नसतं.

कॉलेज निवडताना फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू वर्षाची आहे का ते बघा, मग कॉलेज सुरू असेल त्या दिवशी प्रत्यक्ष जा. ऑफिसात बसू नका. गोळ्या बनवायचं यंत्र कुठे आहे विचारा आणि त्यावरून बोट फिरवा. धूळ लागली तर दुसरं कॉलेज बघा.