सोन्याचं कोलॉइड करायच्या आदल्या दिवशी

सुरुवात काचेपासून करा, सोन्यापासून नाही. रंग बदलून इशारा देणाऱ्या संवेदकासाठी (सेन्सरसाठी) कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे साधारण १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण, हवे असतील, तर फ्लास्कला मागच्या खेपेचं जराही सोनं चिकटलेलं चालत नाही. नवं सोनं त्यावरच जाऊन बसतं आणि कण लहानमोठे होतात. म्हणून फ्लास्क, कंडेन्सर आणि ढवळायचा चुंबक आदल्या दिवशीच अम्लराजानं धुऊन ठेवा. म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक आम्ल, तेही ताजं आणि फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच. अम्लराज बाटलीत भरून झाकण कधीही लावू नका, आत वायू साठतो. ॲसिटोन त्याच्या आसपासही नको. नंतर डीआयोनाइज्ड (क्षारांचे आयन काढलेल्या) पाण्यानं विसळा, आणि कंटाळा न करता पुन्हा विसळा.

गोल्ड क्लोराइड (इथे क्लोरोऑरिक आम्लाचं ट्रायहायड्रेट, सोन्याचा क्षार) हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात तर वजन करेपर्यंत ओलं होतं. माझं ऐकाल तर १ ग्रॅमची अख्खी कुपी २५ मिलिलिटर पाण्यात विरघळवा. सुमारे ०.१ मोलर द्रावण होतं, ते गडद बाटलीत ठेवा. धातूचा चमचा त्याला लावू नका, सोनं त्याच्यावरच उतरतं.

सोन्याचे कण घडवणारं आणि त्यांना सुटं ठेवणारं सायट्रेटचं द्रावण मात्र कोलॉइड करायच्या दिवशीच करा: १०० मिलिलिटरमध्ये १.१४ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट. त्यातलं ५ मिलिलिटर मोजून हाताशी ठेवल्याशिवाय हीटर लावूच नका. फ्लास्कमध्ये वरच्या द्रावणात पाणी घालून केलेलं सोन्याचं १ मिलिमोलर द्रावण, ५० मिलिलिटर, खळखळून उकळत असताना सायट्रेट एकदम ओतायचं असतं, थेंबाथेंबानं नाही. फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट जांभळी झाक येते आणि काही मिनिटांत द्राक्षासवासारखा लाल उतरतो. हा क्षण मी दर वेळी थांबून पाहते. १० मिनिटं उकळू द्या, मग आच काढून १५ मिनिटं ढवळत राहा.

द्रावण कोणता प्रकाश किती शोषतं हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा दिवा अर्धा तास आधी लावा. शोषणाच्या आलेखाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास हवं; ६०० च्या पुढे आलेख उंच राहिला तर कण गोळा झालेत. थोडं द्रावण वेगळं काढून त्यात मीठ टाकून बघा, ते निळं पडलं पाहिजे. कण एकमेकांजवळ आले की रंग बदलतो, संवेदकाचं सगळं काम याच गुणावर चालतं.

फॅरडेनं १८५० च्या दशकात केलेलं सोन्याचं लाल द्रावण लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेलं आहे. आपलंही टिकावं म्हणून स्वच्छ बाटली, तारखेची चिठ्ठी आणि फ्रिजचा खालचा कप्पा. फ्रीझर नको, एकदा गोठलं की चिकटलेले कण पुन्हा सुटत नाहीत.