आबांचा चिकट कफ कसा सुटला

आबांना ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यात कफ साचण्याचा आजार. गुऱ्हाळांचा हंगाम लागला की धुरानं कफ घट्ट व्हायचा. डॉक्टरांनी कफ पातळ करणाऱ्या ॲसिटिलसिस्टीनची ६०० मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी दिली. अर्धा ग्लास पाण्यात पूर्ण विरघळवायची, लगेच प्यायची. वास नासक्या अंड्यासारखा, पण तो गंधकाचा. गोळी खराब नसते.

तरी कफ सुटेना. राजारामपुरीतला केमिस्ट म्हणाला, "रात्री खोकल्याचं औषध घेतात काय?" घेत होते, तेही खोकला दाबणारं! खोकलाच दाबला तर पातळ झालेला कफ बाहेर येणार कसा? डॉक्टरांना विचारून ते बंद केलं आणि कफ सुटायला लागला.

फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, बीपीवाल्यांनी विचारून घ्यावं. दमा किंवा अल्सर असेल, किंवा नायट्रोग्लिसरीन (हृदयामुळे छातीत दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.