जुन्या पॉप गाण्यांचं पियानो कव्हर घरी करताय? या चुका टाळा

गायक एक सूर चार मात्रा धरतो, मध्येच फुगवतो, शेवटी थरथरवतो. पियानोला यातलं काहीच करता येत नाही. हातोडी तारेवर आदळली की त्या क्षणापासून सूर मावळायला लागतो. पेटी वाजवून पियानोकडे वळलेल्यांना हे फार जाणवतं, कारण भाता चालू असेपर्यंत पेटीचा सूर उभा असतो. घरगुती कव्हर बहुतेक वेळा फसतं ते इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गायकाची ओळ अक्षरन्‌अक्षर उतरवणं. पॉप गाण्यात एकाच सुरावर पाच-सहा अक्षरं सर्रास येतात. तिथे कान शब्द ऐकत असतो, म्हणून कंटाळा येत नाही. शब्द काढून घेतले की उरतात नुसते सहा ठोके. ज्या अक्षरांवर जोर आहे तेवढीच वाजवा, बाकीची गाळा. कडव्यात चाल एकेरी ठेवा आणि कोरसला तिच्याखाली सहाव्या अंतरावरचा (चालीचा सूर पहिला धरून खाली मोजत सहावा) सूर जोडा. चाल उजव्या हाताच्या वरच्या बोटांकडे, म्हणजे करंगळी आणि अनामिकेकडे असते आणि हीच बोटं सगळ्यात दुबळी. त्यामुळे बाकीची बोटं मुद्दाम हलकी ठेवावी लागतात. फोनवर रेकॉर्ड करा आणि शेजारच्या खोलीतून ऐका. चाल गुणगुणता आली नाही तर डावा हात जड पडतोय.

वेगवान गाणं संथ करताना

अ-हा या बँडचं १९८५ मध्ये गाजलेलं 'टेक ऑन मी' मिनिटाला साधारण १६९ ठोक्यांचं आहे. संथ वाजवलं तरी ते टिकतं, बँडने स्वतःच २०१७ च्या अनप्लग्ड मैफलीत ते करून दाखवलं. पण नुसता मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ८० वर आणून भागत नाही. मूळ वेगात चार ठोक्यांचा सूर १.४ सेकंद चालतो, ८० वर तोच ३ सेकंद. तेवढ्यात पियानोचा सूर पार विरतो आणि ओळीत भोक पडल्यासारखं वाटतं. लांब सुराखाली डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सुटी करून, एका ठोक्यात दोन सूर अशी वाहती ठेवा.

याच गाण्यात दुसरा सापळा आहे. गायकाचा पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा, खालच्या ए पासून वरच्या ई पर्यंत. कोरसचा पहिलाच सूर इतका खाली असतो की तो डाव्या हाताच्या बासवर (सगळ्यात खालच्या सुरांवर) आदळतो. पूर्ण ओळ एक सप्तक वर नेली तर शेवट किणकिणाट होतो. त्यापेक्षा तो ए डाव्या हातानेच वाजवा. कॉर्डचा मूळ सूरही तोच आहे, त्यामुळे वेगळा बास लागत नाही. पुढचा जी शार्प उजव्या हाताने उचला. ही उडी ऐकू आली की गाणं लगेच ओळखू येतं.

बासवर पेडल

मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' एफ शार्प मायनरमध्ये आहे, पेटीच्या भाषेत काळी तीन. त्याची बास ओळ आठ सुरांची: एफ शार्प, सी शार्प, ई, एफ शार्प, ई, सी शार्प, बी, सी शार्प. अख्खी ओळ पाचव्याच्या अंतरात मावते, म्हणजे हात हलवायचं कारणच नाही. अंगठा एफ शार्पवर, तर्जनी ई वर, अनामिका सी शार्पवर, करंगळी बी वर. वेग ११७ असल्याने सेकंदाला जवळपास चार सूर पडतात. पेडल (सूर लांबवणारा पायखटका) दाबून ठेवलं तर दोन मात्रांतच चिखल होतो. इथे पेडल नकोच, प्रत्येक सूर तोडून वाजवा. आधी ८० वर दहा मिनिटं, मनगट सैल ठेवून. हात भरून आला तर थांबा.

संथ गाण्यात पेडल हवंच, पण बदलायची वेळ चुकते. नवी कॉर्ड दाबा, तिचा आवाज आला की पेडल उचला आणि लगेच पुन्हा दाबा. कॉर्डच्या आधीच उचललं तर मध्ये खड्डा पडतो.

खालच्या सप्तकात तीन सुरांची बंद (जवळजवळच्या सुरांची) कॉर्ड कधीच घेऊ नका. मिडल सी च्या एक सप्तक खाली गेलात की कॉर्डचा मधला सूर गढूळ लागतो. सी मेजर असेल तर खाली सी आणि जी, आणि ई त्यांच्या वरच्या सप्तकात.

पट्टी आणि सूर जुळत नाही

सोपं पडावं म्हणून सगळं सी मध्ये आणणारे टोटो या बँडच्या १९८२ च्या 'आफ्रिका'त अडकतात. तिथे कडवं बी मेजरमध्ये आणि कोरस एका स्वराने खाली, ए मेजरमध्ये आहे. कडवं सी मध्ये घेतलंत की कोरस बी फ्लॅटमध्ये जातो. कडवं डी मध्ये घ्या, म्हणजे कोरस सी मध्ये येईल.

काही वेळा सगळे सूर बरोबर असूनही मूळ रेकॉर्डसोबत वाजवताना कानाला टोचतं. टेपचा वेग थोडा कमी-जास्त केलेला असला की जुनी गाणी दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतात. ३० सेंटने (शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट) चढं गाणं म्हणजे ए ४४० ऐवजी जवळपास ४४८ हर्ट्झ. डिजिटल पियानोचं ट्यूनिंग तेवढं सरकवा, सराव झाला की परत ४४० वर आणा. लाकडी पियानोला हा उपाय नाही, तिथे रेकॉर्डचाच सूर ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनी-संपादन प्रोग्रॅममध्ये बदला. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो आणि पियानो चढतो, हेही ध्यानात ठेवा.

रेकॉर्डिंग

पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा आणि पाय बाजूला ठेवून चालू करा. अनेक कीबोर्ड पेडलची दिशा चालू होतानाच ओळखतात.

फोनचा माइक आवाज आपोआप वरखाली करतो. हळुवार सुरुवात सळसळीसकट मोठी होते आणि कोरस दबतो, सगळी मेहनत सपाट. ही सोय बंद करता येईल असं रेकॉर्डर ॲप वापरा आणि सगळ्यात जोराचा भाग ॲपच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. डिजिटल पियानो असेल तर हेडफोनच्या खाचेतून केबल थेट ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात घेणाऱ्या उपकरणाला) द्या. व्हिडिओ फोनवर वेगळा घ्या आणि सुरुवातीला एक सूर जोरात, तुटक वाजवा. व्हिडिओत बोट खाली जाताना दिसतं, तिथेच आवाजाचं टोक जुळवायचं.