नवीन फिशटँक घेतलाय? थेट नळाचं पाणी ओतू नका
पुण्यात बऱ्याच ठिकाणी नळाला खडकवासल्याचं क्लोरीन मारलेलं पाणी येतं, आपल्याला चालतं पण माशांचे कल्ले भाजतात, म्हणून बादली उघडीच 24 तास ठेवा, घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब टाका. खरी गोची पुढे आहे, पाणी काचेसारखं दिसलं तरी त्यात माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया साठतो आणि तो खाणारे बॅक्टेरिया तयार व्हायला 4 ते 6 आठवडे जातात, तोवर दोन-तीनच मासे आणि चिमूटभर खाणं. आठवड्याला पाव टँक पाणी बदला, सगळं नाही. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका हां, हे बॅक्टेरिया त्यात राहतात आणि क्लोरीनने मरतात, मी धुतला होता अगदी चकाचक, तिसऱ्या दिवशी सगळे गप्पी वर येऊन तोंड उघडझाप करत होते. टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.