पोकेमॉनची तुलना करताना या चुका टाळा

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममधल्या लढतींत ‘गारचॉम्प भारी की ड्रॅगापल्ट?’ या प्रश्नावर कुणीतरी हमखास बेस स्टॅटची, म्हणजे प्रत्येक पोकेमॉनच्या ठरलेल्या सहा मूळ आकड्यांची (एचपी म्हणजे जीव, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स, स्पीड) बेरीज काढून दाखवतो. या दोघांची बेरीज सारखीच भरते, ६००. म्हणजे बेरजेतून काहीच कळलं नाही. तरी नवखे खेळाडू सगळ्यात आधी हाच आकडा बघतात.

बेरीज फसवते, कारण वापरात न येणारे आकडेही तिच्यात धरलेले असतात. गारचॉम्पच्या ६०० मधले ८० स्पेशल अटॅकचे आहेत. फिजिकल सेट (नुसत्या अटॅकवर चालणाऱ्या मूव्हची मांडणी) खेळवला तर ते वाया. स्लेकिंगची बेरीज ६७०, पण ट्रुअंट या त्याच्या अंगभूत गुणामुळे (अ‍ॅबिलिटीमुळे) तो टर्नआड टर्न बसून काढतो, आणि त्या रिकाम्या टर्नला समोरचा निवांत स्वॉर्ड्स डान्स (अटॅक वाढवणारी मूव्ह) करून घेतो. टॉक्सापेक्सची बेरीज ४९५. मात्र डिफेन्स १५२, स्पेशल डिफेन्स १४२, शिवाय रीजनरेटर, म्हणजे बाहेर काढला की एक तृतीयांश एचपी परत. सातव्या आणि आठव्या पिढीच्या (गेमच्या आवृत्त्यांच्या) सिंगल्समध्ये (एकास एक लढतीत) त्याला कसं फोडायचं याचा विचार केल्याशिवाय टीम बांधताच येत नव्हती.

२०१४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये (ती डबल्समध्ये, म्हणजे एकावेळी दोघांविरुद्ध दोघे अशी होते) मास्टर्स विभाग जिंकणाऱ्या सेजुन पार्कच्या टीममध्ये पाचिरिसू होता. बेरीज अवघी ४०५. टीममधल्या ग्याराडोसला इलेक्ट्रिक मूव्ह चौपट लागते. पाचिरिसू फॉलो मी वापरून तो मार स्वतःकडे ओढायचा, आणि व्होल्ट अब्सॉर्बमुळे त्यातून त्याचाच एचपी भरायचा. सुपर फँग समोरच्याचा उरलेला एचपी निम्मा करते, त्यामुळे बेस अटॅक ४५ असण्याने काही अडत नव्हतं. हे वाचून पाचिरिसू भलत्याच टीममध्ये घातला तर तो ४०५ वालाच राहील. त्याची किंमत शेजारी ग्याराडोस उभा होता म्हणून होती.

दुसरी चूक मला जास्त खुपते: चेक आणि काउंटर एकच समजणे. काउंटर म्हणजे समोरच्याचा मार झेलत आत येऊ शकतो आणि तरीही जिंकतो तो. चेक म्हणजे फुकटात आत आला तरच जिंकतो तो. ‘गारचॉम्पला माझ्याकडे वीव्हाइल आहे’ असं म्हणणाऱ्याने हे गणित करून बघावं.

लेव्हल १०० च्या सिंगल्समध्ये जॉली नेचर (स्पीड वाढवणारा स्वभाव) आणि अटॅकमध्ये पूर्ण ईव्ही (आपण वाटून द्यायचे जादा गुण) असलेल्या गारचॉम्पचा अटॅक ३५९. वीव्हाइलचा एचपी २८१, डिफेन्स १६६. गारचॉम्पची अर्थक्वेक मूव्ह वीव्हाइलचा २३२ ते २७४ एचपी घेऊन जाते, म्हणजे ८२ ते ९७ टक्के. वीव्हाइल जेमतेम वाचतो. पुढच्या टर्नला त्याचा स्पीड (बेस १२५ विरुद्ध १०२) जास्त असल्याने तो आइस मूव्हने चौपट मार देऊन गारचॉम्पला पाडतोही. पण मैदानात स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला टोचणारे दगड) असेल आणि वीव्हाइलला हेवी-ड्यूटी बूट्स (त्यापासून वाचवणारा आयटम) नसतील, तर आत येतानाच २५ टक्के जातात आणि अर्थक्वेकचा सगळ्यात हलका फटकाही त्याला संपवतो. बूट्स असले तरी एकदा मार झेलून उरलेला वीव्हाइल पुढच्या वेळी आत येण्याच्या लायकीचा राहत नाही. गारचॉम्पने स्वॉर्ड्स डान्स केला त्याच टर्नला वीव्हाइल आत आला, किंवा आपला एखादा पडल्यावर आला, तर मात्र सगळं सुरळीत होतं. याला चेक म्हणतात. नवव्या पिढीत गारचॉम्पने टेरा करून (लढतीतच टाइप बदलून) टाइप स्टील केला तर आइसचा चौपट मार जातो आणि तेवढंही उरत नाही.

म्हणून मी प्रत्येक जोडीसमोर दोन रकाने भरतो: फुकटात आला तर काय, मार खात आला तर काय. याला पाच मिनिटं लागतात. ती न देता थेट लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीच्या लढतींत) उतरणारे मग नशिबाला दोष देतात.

एचपी मोठा दिसला की पोकेमॉन दणकट, हाही गैरसमज. टिकाऊपणा म्हणजे एचपी गुणिले डिफेन्स. ब्लिसीचा बेस एचपी २५५, डिफेन्स १०. बोल्ड (डिफेन्स वाढवणारा) नेचर ठेवून २५२ ईव्ही एचपीत घातले तर ७१४ × ६१, म्हणजे ४३,५५४. तेच ईव्ही डिफेन्समध्ये घातले तर ६५१ × १३०, म्हणजे ८४,६३०. जवळपास दुप्पट. जो आकडा छोटा, त्यात आधी भर घाला.

स्पीडची तुलना बेस आकड्यावर थांबवू नका. पूर्ण ईव्ही आणि स्पीड वाढवणाऱ्या नेचरसह बेस १०० ची ३२८ होते, ड्रॅगापल्टच्या १४२ ची ४२१. चॉइस स्कार्फ (स्पीड दीडपट करणारा आयटम) दिला तर बेस १०० वाल्याला नेचरची गरजच नाही: २९९ ची ४४८ होते. तेव्हा अ‍ॅडमंट (अटॅक वाढवणारा नेचर) ठेवा आणि वाचलेली ताकद अटॅकला द्या.

सिंगल्सची यादी घेऊन डबल्स खेळू नका. इन्सिनरोअरचा इंटिमिडेट डबल्समध्ये समोरच्या दोघांचा अटॅक पाडतो आणि फेक आउटने (समोरच्याची पाळी हुकवणारी मूव्ह) जोडीदाराला एक मोकळा टर्न मिळतो. सिंगल्समध्ये यातलं निम्मंही पदरात पडत नाही.

जुन्या पिढीची यादी तर नकोच. सहाव्या पिढीत गेल विंग्जमुळे टॅलनफ्लेमच्या सगळ्या फ्लाइंग मूव्ह आधी चालायच्या. २०१६ मध्ये सातवी पिढी आली आणि ती सवलत फक्त एचपी पूर्ण भरलेला असतानाच उरली. स्टेल्थ रॉक त्याचा अर्धा एचपी खातो, म्हणजे आत पाऊल टाकताच सवलत गेली.

टीअर (वापरानुसार ठरणारी श्रेणी) म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. स्मोगॉन या पोकेमॉन लढतींच्या वेबसाइटवर ओयू या टीअरची रेघ ४.५२ टक्के वापरावर आहे: १५ लढतींत तो पोकेमॉन निदान एकदा भेटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असणे, एवढाच तिचा अर्थ. त्याखालच्या यूयू टीअरमधला पोकेमॉन ओयूतल्या एखाद्या नेमक्या कामाला उत्तम असू शकतो. त्यासाठी व्हायबिलिटी रँकिंग (कोण किती उपयोगी याची अक्षरांतली क्रमवारी) वेगळं असतं, ते वाचा. आणि नुसतं अक्षर बघू नका, कारणही वाचा.

आणि तुलना नेहमी पूर्ण लिहिलेल्या सेटची करा. चार मूव्ह, एक आयटम, एक अ‍ॅबिलिटी, ५१० ईव्ही. ‘हा रॉकही लावतो, डान्सही करतो, स्कार्फही घेतो’ असं बोलताना तीन वेगळे पोकेमॉन एकात मोजले जातात. स्कार्फ घेतला की एकाच मूव्हला बांधलं जातं, मग डान्स कशाला?