सटायव्हस, सटायव्हा की सटायव्हम? वनस्पतींची नावं लिहिताना या चुका टाळा

‘कोरिअँड्रम सटायव्हा’ ही कोथिंबिरीच्या शास्त्रीय नावात हमखास होणारी चूक. बरोबर नाव कोरिअँड्रम सटायव्हम. मराठी माणसाला हे खरं तर सहज उमगायला हवं. पेरलेला हरभरा, पेरलेली ज्वारी, पेरलेलं बी असं आपण रोज म्हणतो. लॅटिनमध्येही तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं : पुल्लिंगी सटायव्हस, स्त्रीलिंगी सटायव्हा, नपुंसकलिंगी सटायव्हम.

लसूण, भात, काकडी, मुळा यांच्या नावांत हेच विशेषण येतं, म्हणून अनेकजण त्याचा अर्थ ‘खाण्याजोगं’ असा सांगतात. तो चूक आहे. लॅटिन ‘सेरेरे’ म्हणजे पेरणे. त्यापासून ‘सातुस’, पेरलेला. आणि त्यावरून ‘सातीवुस’ (हाच आपला सटायव्हस), म्हणजे पेरून वाढवला जाणारा, लागवडीचा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली नोंदवलेल्या भांगेच्या कॅनाबिस सटायव्हा या नावातही हेच विशेषण आहे. युरोपात हे झाड धाग्यासाठी पेरलं जात असे. लागवडीचा ओट तो अ‍ॅव्हेना सटायव्हा, रानटी ओट तो अ‍ॅव्हेना फॅटुआ.

लिंग पाहायचं ते लॅटिन प्रजातिनामाचं, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाचं. मराठी नावाचं नाही. कोथिंबीर आपल्याकडे स्त्रीलिंगी, कोरिअँड्रम मात्र नपुंसकलिंगी. भात पुल्लिंगी, ओरायझा स्त्रीलिंगी, म्हणून ओरायझा सटायव्हा. मुळा आणि रॅफॅनस दोन्ही पुल्लिंगी, पण तो निव्वळ योगायोग.

सगळ्यात जास्त घोटाळा प्रजातिनामाच्या शेवटावरून लिंग ठरवल्याने होतो. क्युक्युमिस आणि कॅनाबिस, दोघांचाही शेवट ‘इस’. तरी काकडी क्युक्युमिस सटायव्हस आणि भांग कॅनाबिस सटायव्हा, कारण पहिलं नाव पुल्लिंगी, दुसरं स्त्रीलिंगी. इथे अंदाज चालत नाही. प्रत्येक प्रजातीचं लिंग पाहूनच लिहावं.

दुसरं टोकही टाळा. लसूण अ‍ॅलियम सटायव्हम, म्हणून कांदा ‘अ‍ॅलियम सेपम’ होत नाही. ‘सेपा’ हे विशेषण नसून कांद्याचं लॅटिन नाम आहे, आणि नाम बदलत नाही. कांदा अ‍ॅलियम सेपाच.

जुन्या पुस्तकांतून नावं उतरवून घेताना विशेष जपा. मुगाचं जुनं नाव फेसिओलस रेडिएटस. मूग विग्ना या प्रजातीत गेला, विग्ना स्त्रीलिंगी, म्हणून आता विग्ना रेडिएटा. ‘विग्ना रेडिएटस’ लिहिलंत तर अर्धं नाव नवं आणि अर्धं जुन्या लिंगात अडकलेलं राहतं. वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार असा चुकीचा शेवट दुरुस्तच करायचा असतो. उडीद मात्र फेसिओलस मुंगोचा विग्ना मुंगो झाला, कारण ‘मुंगो’ हे नाम. आणि हो, ‘मुंगो’ वाचून तो मूग समजू नका. हे नाव उडदाचंच.