मराठी टंकनासाठी मेकॅनिकल कीबोर्ड: निवड आणि जुळवणी

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड, घेण्यासंबंधी जो सल्ला सर्वत्र मिळतो, तो जवळजवळ सगळा इंग्रजी टंकन गृहीत धरून दिलेला असतो. त्यात स्विचचा रंग असतो, आवाज असतो, किंमत असते. परंतु कोणत्या बोटावर किती भार पडणार हे आपण कोणती भाषा लिहितो त्यावर ठरते, आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळमांडणीने मराठी लिहिणाऱ्याच्या हातावर तो भार वेगळ्याच जागी पडतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी, लिहिताना आपली बोटे नेमकी कुठे कुठे जातात, हे एकदा तपासून घ्यावे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपण 'जे' छापलेली कळ दाबतो तेव्हा कीबोर्ड संगणकाला 'जे' असे कळवत नाही. अमुक ओळीतील अमुक जागेची कळ दाबली गेली, एवढेच तो कळवतो, आणि तिचा 'जे' करायचा की 'र', हे संगणकात निवडलेली मांडणी ठरवते. त्यामुळे मराठीसाठी वेगळा कीबोर्ड शोधण्याचे कारण नाही. जो हाताला बरा वाटेल तो मराठीचा.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आहेत, तर म, न, व यांसारखे अपवाद सोडल्यास व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. हलन्ताचे चिन्ह 'डी'च्या जागी, म्हणजे डाव्या मधल्या बोटाखाली येते. 'स्वातंत्र्य' हा शब्द लिहून पाहावा: अकरा वेळा कळा दाबाव्या लागतात आणि त्यांपैकी तीन वेळा ती हलन्ताची असते. महाप्राण व्यंजने, स्वतंत्र स्वर आणि ण, ळ, श, ष ही अक्षरे शिफ्टसह येतात. 'खळखळाट' या शब्दाच्या सहा कळांपैकी चार शिफ्टसह दाबाव्या लागतात, आणि 'आणि' या आपल्या अत्यंत नेहमीच्या शब्दात तीनपैकी दोन. शिवाय ज, च, ट, ड, य आणि 'कॉफी'तला 'ॉ' ही सगळी मंडळी उजव्या करंगळीच्या वाट्याला आलेली आहेत. इंग्रजी लिहिताना वाक्याच्या सुरुवातीला एखाद वेळ लागणारी शिफ्ट मराठीत दर दोन-तीन शब्दांनी लागते, आणि सर्वांत दुबळी बोटे सर्वांत अधिक राबतात.

यावरून पहिली गोष्ट ठरते ती आकाराची, आणि स्विचपेक्षा तिचाच विचार आधी करावा, असे माझे मत आहे. कीबोर्डवरील एका साध्या कळेची जागा १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच धरतात आणि मोठ्या कळांची मापे तिच्या पटीत सांगतात. भारतात सर्रास मिळणाऱ्या अमेरिकी मांडणीत डावी शिफ्ट सव्वादोन कळांएवढी आणि उजवी शिफ्ट पावणेतीन कळांएवढी रुंद असते. १०४ कळांचा पूर्ण कीबोर्ड असो, अंकांचा वेगळा संच काढून टाकलेला ८७ कळांचा असो, किंवा ६१ कळांचा 'साठ टक्के' असो, ही रुंदी सहसा कायम राहते. बिघडते ती 'पासष्ट टक्के' आणि 'पंचाहत्तर टक्के' या सध्याच्या लाडक्या आकारांत. तेथे बाणांच्या कळांना जागा करून देण्यासाठी उजवी शिफ्ट आखूड करतात. ती पावणेदोन कळांएवढी राहिली तर आठवडाभरात सवय होते. परंतु काही स्वस्त कीबोर्डांत ती एका कळेएवढीच ठेवून वरच्या बाणाच्या पलीकडे ढकललेली असते. 'आई', 'आणि', 'इतका' लिहिताना उजवी करंगळी आपल्या सवयीच्या जागी उतरते आणि शिफ्टऐवजी बाण दाबला जाऊन टंकबिंदू वरच्या ओळीत उडी मारतो. अशा कीबोर्डचे छायाचित्र कितीही देखणे असले तरी तो मराठी लिहिणाऱ्याने घेऊ नये.

युरोपीय मांडणीचा दोष नेमका उलट बाजूला आहे. तेथे डावी शिफ्ट सव्वा कळेएवढीच असते आणि तिच्या शेजारी एक जादा कळ घातलेली असते. ख, घ, ध, भ, ळ, श ही अक्षरे उजव्या हाताची असल्यामुळे त्यांची शिफ्ट डाव्या करंगळीने धरावी लागते, आणि ती करंगळी त्या जादा कळेवर वारंवार आदळते. ब्रिटनमध्ये वा जर्मनीत राहून मराठी लिहिणाऱ्यांनी शक्य असल्यास अमेरिकी मांडणीचाच कीबोर्ड मागवावा; नाहीतर 'ॉ' आता एंटरच्या लगेच डावीकडे, 'ट'च्या शेजारी सापडेल, एवढे लक्षात ठेवावे.

'चाळीस टक्के' नावाचे चिमुकले कीबोर्ड तर आपल्या कामाचेच नाहीत. त्यांत अंकांची ओळ नसते, म्हणजे शिफ्टसह 'दोन'च्या जागी असणारा 'बॅट'मधला चंद्र आणि 'सात'च्या जागी असणारा 'क्ष' गेला. उघडणाऱ्या चौकटी कंसाची कळ नसते, म्हणजे 'ड' गेला. ही अक्षरे दुसऱ्या थरात, म्हणजे एखादी जादा कळ धरून उमटतील अशी, लपवता येतात खरी, पण रोजच्या लेखनात तो खटाटोप कोणी करत बसत नाही.

आता स्विच. बहुतेक कीबोर्डांत आज जो स्विच दिसतो, त्याचा आराखडा जर्मनीतील चेरी कंपनीच्या 'एमएक्स' मालिकेचा आहे. ही मालिका १९८० च्या दशकातील असून तिच्या पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपल्यावर गेटरॉन, केल, आउटेमू अशा चिनी उत्पादकांनी त्याच मापाचे, आणि काही बाबतींत अधिक सुळसुळीत, स्विच बाजारात आणले. आराखडा साधा आहे: प्लॅस्टिकच्या घरात एक दांडा, त्याखाली स्प्रिंग, आणि बाजूला दोन धातूच्या पट्ट्या. दांडा साधारण चार मिलिमीटर खाली जातो, पण निम्म्या वाटेवर, सुमारे दोन मिलिमीटरलाच, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटते. उरलेली वाट निव्वळ मोकळी असते. कळ तळाला आपटण्याची गरज नाही, ही मेकॅनिकल कीबोर्डची खरी सोय आहे, आणि तिचा लाभ न घेता जोरजोरात बडवणाऱ्याला रबरी पडद्याच्या कीबोर्डपेक्षा फार वेगळे काही मिळत नाही.

दांड्याच्या कडेच्या घडणीवरून स्विचचे तीन प्रकार पडतात. लिनिअर स्विचमध्ये कड सरळ असते, त्यामुळे कळ वरपासून खालपर्यंत एकसारखी जाते. टॅक्टाइलमध्ये कडेला उंचवटा असतो आणि तो पट्टीवरून घसरताना बोटाला हलका अडथळा जाणवतो. क्लिकीमध्ये दांड्यावर एक सुटा भाग असतो, जो उंचवटा ओलांडताच झटकन खाली जाऊन टिक असा आवाज करतो. चेरीचा लाल स्विच लिनिअर असून त्याला सुमारे ४५ ग्रॅमचा दाब लागतो, तपकिरी टॅक्टाइलला सुमारे ५५ आणि निळ्या क्लिकीला सुमारे ६० ग्रॅम. रंगांचे हे संकेत इतर उत्पादक बहुतांशी पाळतात, पण काटेकोरपणे नाही; म्हणून रंगावर न जाता ग्रॅमचा आकडा वाचावा.

निळ्या स्विचची एक खोड सांगण्यासारखी आहे. त्याचा सुटा भाग परत जागेवर येण्यासाठी कळ बरीच वर उचलावी लागते, म्हणजे अक्षर उमटण्याची जागा आणि कळ मोकळी होण्याची जागा यांत अंतर पडते. एकच अक्षर लागोपाठ दोनदा लिहिताना ते अंतर जाणवते. 'ननंद' आणि 'सतत' हे दोन शब्द भराभर लिहून पाहिले की एखादा 'न' किंवा 'त' गळतो का, ते लगेच कळते. 'पत्ता' किंवा 'अण्णा' यांत मात्र ही अडचण येत नाही, कारण दोन सारख्या व्यंजनांमध्ये हलन्त येतो आणि बोटाला उसंत मिळते. आयबीएमच्या १९८५ च्या सुमारास आलेल्या प्रसिद्ध 'मॉडेल एम' कीबोर्डात आवाज आणि अक्षर यांची फारकत नव्हती: त्यात स्प्रिंगच बाजूला वाकते, तिच्या वाकण्याने खालची पट्टी कलंडते, आणि आवाज व अक्षर एकाच क्षणी घडतात. त्या कीबोर्डची आठवण आजही काढली जाते, ती निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी नव्हे.

मराठीसाठी माझी शिफारस ४५ ते ५० ग्रॅमच्या लिनिअर अथवा हलक्या टॅक्टाइल स्विचची आहे. इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या हाताचे व्यंजन आणि डाव्या हाताची मात्रा असा ताल आपोआप धरला जातो, आणि त्या तालात दणकट अडथळा मधेच पाय घातल्यासारखा वाटतो. अपवाद टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांचा. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र काढले आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्या टंकलेखन संस्थांमध्ये अशाच जड कळांवर शिकल्या; त्यांच्या बोटांत कळ तळापर्यंत नेण्याची सवय मुरलेली असते. हलक्या स्विचवर त्यांची बोटे नुसती टेकली तरी अक्षरे उमटतात. त्यांनी ६० ग्रॅमच्या पुढचा स्विच घ्यावा आणि त्याचे कोणापुढेही समर्थन करत बसू नये. रेमिंग्टन या टंकलेखन यंत्रांवरून आलेल्या मांडणीत अर्ध्या अक्षरांना स्वतंत्र कळा असल्याने तेथे हलन्ताचा हिशेबही निराळा असतो.

शक्य असल्यास स्विच बदलता येणारा, म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्ड घ्यावा. यात स्विच डाग देऊन जोडलेला नसतो, चिमट्याने उपसून दुसरा बसवता येतो. काही कीबोर्ड तीन पायांचेच स्विच घेतात, काही पाच पायांचेही. खरेदीपूर्वी ते विचारून घ्यावे. पाय वाकणार नाहीत अशा बेताने स्विच सरळ दाबावा, कारण वाकलेला पाय खाली दुमडला तर कळ मुकी होते आणि दोष कीबोर्डचा आहे असे वाटत राहते. हॉट-स्वॅपचा खरा उपयोग सगळे स्विच बदलण्यात नसून थोडेच बदलण्यात आहे. ज, च, ट, ड, य आणि दोन्ही शिफ्ट एवढ्या जागी ३५ ते ४० ग्रॅमचे हलके स्विच बसवावेत आणि बाकीचे आहेत तसे राहू द्यावेत. पाच-सात पाने सलग लिहिल्यावर करंगळीच्या मुळाशी जी वेदना होते, ती या एका बदलाने माझ्यापुरती थांबली. स्पेसच्या कळेखाली मात्र उलट थोडी कडक स्प्रिंग बरी, कारण सव्वासहा कळांएवढी ती पट्टी स्वतःच वजनदार असते आणि अंगठाही भक्कम असतो.

रुंद कळा कोपऱ्यावर दाबल्या तरी सरळ खाली जाव्यात म्हणून त्यांच्याखाली तारेचा आधार असतो. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. स्वस्त कीबोर्ड खडखडतो तो बहुधा स्विचमुळे नव्हे, या तारेमुळे. मराठीत शिफ्ट सतत लागत असल्याने हा खडखडाट आपल्याला इतरांपेक्षा अधिक ऐकू येतो. कीकॅप, म्हणजे कळेची वरची टोपी, काढून तारेची टोके जेथे प्लॅस्टिकमध्ये शिरतात तेथे घट्ट, वीज न वाहणारे ग्रीस काडीच्या टोकाने लावावे. ग्रीस अगदी थोडे हवे. जास्त झाले तर कळ चिकटून सावकाश वर येते. रात्री घरची मंडळी झोपलेली असताना काम करणाऱ्याने आवाज कमी करणाऱ्या महाग स्विचच्या आधी हा उपाय करून पाहावा, आणि कीबोर्डखाली जाड कापडाची घडी घालावी.

कीकॅपच्या बाबतीत थोडक्यात: एबीएस प्लॅस्टिकचे कीकॅप काही महिन्यांत बोटांखाली तुळतुळीत होतात, पीबीटीचे फार काळ खरखरीत राहतात. देवनागरी छापाचे कीकॅप मिळाले नाहीत तर अडत नाही. कागदी चिकटपट्ट्या लावू नयेत. त्यांच्या कडा सुटतात आणि बोटाला टोचतात. 'ि' आणि 'र' यांच्या कळांवर उंचवटे असतातच, तेवढ्यावर हात बसवावा.

कॅप्स लॉक या मोक्याच्या जागेवरील कळेला मराठी लिहिताना काहीच काम नसते. कीबोर्ड 'व्हाया' किंवा 'क्यूएमके' या कळांची कामे बदलू देणाऱ्या मोफत प्रणालींना साथ देणारा असेल तर त्या कळेवर विंडोज आणि स्पेस ही जोडी बसवावी, म्हणजे मराठी-इंग्रजी अदलाबदल एका बोटाने होते. एकाच ओळीत चार वेळा भाषा बदलावी लागणाऱ्याला ही सोय नव्या स्विचपेक्षा अधिक मोलाची वाटेल.

शेवटी देखभाल. स्विचमधील पट्ट्या एकमेकींना टेकताना क्षणभर थरथरतात. ती थरथर काही मिलिसेकंद दुर्लक्षित करण्याची व्यवस्था कीबोर्डात असते. पट्ट्यांवर धूळ वा ओल बसली की थरथर लांबते आणि एका दाबात दोन अक्षरे उमटतात. इंग्रजीत ते दुहेरी अक्षर नजरेतून सुटू शकते; मराठीत 'ि' किंवा हलन्त दोनदा उमटला की बहुतेक वेळा ठिपक्यांचे वर्तुळ उभे राहते, म्हणून आपल्याला रोगाचे निदान लवकर होते. अशा वेळी तो स्विच काढून शेजारच्या, कमी वापराच्या कळेतील स्विचशी बदलून पाहावा. वर्तुळ नव्या जागी गेले तर दोष स्विचचा, जुन्याच जागी राहिले तर खालच्या जोडणीचा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात काम संपल्यावर कीबोर्ड उघडा न ठेवता त्यावर कापड टाकावे, आणि चहाचा कप शक्यतो डाव्या बाजूला नको, कारण हलन्ताची कळ तिकडे आहे.